डोळ्यांत उमटणारी ज्वराची साक्ष

अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेल्या कुटुंबाला एखाद्या सायंकाळी एक निरोप येतो आणि सारेच बुचकळ्यात पडतात. घरातील कर्त्या माणसाला आठ-दहा दिवसांपासून ताप आहे, शुद्ध हरपत चालली आहे, रक्ताच्या अहवालांचा मेळ बसत नाही, आणि अशा वेळी डॉक्टर सांगतात, "उद्या सकाळी नेत्रतज्ज्ञ येऊन डोळ्यांचा पडदा पाहून जातील." वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. रोग साऱ्या अंगात, मग तपासणी डोळ्यांची कशासाठी? दुकानाचा हिशेब सांभाळणाऱ्या एखाद्याच्या मनात तर शंकाही डोकावते की, बिलात आणखी एक रक्कम वाढविण्याचाच हा प्रकार असावा.

ही शंका अस्वाभाविक नाही. परंतु या साध्या तपासणीमागे पावणेदोनशे वर्षांचा अनुभव उभा आहे. रक्तात, हृदयात किंवा मेंदूत दडलेला जंतुसंसर्ग कित्येकदा आपली पहिली स्पष्ट खूण डोळ्यात ठेवून जातो. ती खूण पाहण्यासाठी रुग्णाला खाटेवरून हलवावे लागत नाही, शरीराला सुई टोचावी लागत नाही की शस्त्र लावावे लागत नाही. लागतो तो एक लहानसा दिवा, एक भिंग आणि पाहणारी शिक्षित दृष्टी.

शरीराची उघडी खिडकी

मनुष्यदेहात रक्तवाहिन्या सर्वत्र पसरलेल्या आहेत, पण त्या त्वचेखाली, स्नायूंखाली, हाडांच्या पेटीत झाकलेल्या असतात. कोणताही छेद न घेता जिवंत रक्तवाहिन्यांचे जाळे आणि मेंदूकडे जाणाऱ्या चेतातंतूचे टोक प्रत्यक्ष पाहता येईल अशी जागा एकच : डोळ्याच्या मागील भिंतीवरील दृष्टिपटल. सामान्य बोलण्यात त्यालाच आपण डोळ्याचा पडदा म्हणतो. गर्भावस्थेत हा पडदा मेंदूच्याच एका फुटव्यातून तयार होतो. म्हणून मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर जे संकट येते, त्याची छाया अनेकदा या पडद्यावरही पडते.

डोळे पाहून रोगाचा अंदाज घेण्याची रीत भारतात जुनीच आहे. 'योगरत्नाकर' या आयुर्वेदीय ग्रंथात सांगितलेल्या अष्टविध परीक्षेत नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श आणि आकृती यांच्याबरोबर दृक् म्हणजे नेत्र यांचीही गणना आहे. तथापि वैद्याची दृष्टी बाहुलीच्या काळ्या दारापर्यंतच पोहोचत होती. दाराच्या आत अंधार होता. तो अंधार दूर केला जर्मनीच्या हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी. बाहुलीत प्रकाश सोडायचा आणि परत येणाऱ्या त्याच प्रकाशाच्या वाटेवर आपला डोळा ठेवायचा, या साध्या तत्त्वावर त्यांनी नेत्रदर्शक यंत्र घडविले आणि १८५१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या वेळी ते कोनिग्सबर्ग येथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. वय अवघे तिशीच्या घरातले.

यंत्र हाती येताच युरोपातील डॉक्टरांना डोळ्यात रोगांच्या नव्या खुणा दिसू लागल्या. १८५५ मध्ये व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर यांनी दृष्टिपटलामागील रंजितपटलात क्षयाच्या लहान गाठींचे वर्णन केले. फुप्फुस, यकृत, मेंदू अशा अनेक अवयवांत क्षयाचे दाणे एकाच वेळी पसरले असताना छातीचे चित्र अस्पष्ट आणि थुंकीची तपासणी निष्फळ असू शकते. अशा वेळी डोळ्याच्या आतील फिकट पिवळसर ठिपके डॉक्टरांना योग्य दिशा दाखवितात. क्षयाचे ओझे वाहणाऱ्या भारतासारख्या देशात या खुणेचे मोल आजही कमी झालेले नाही.

ब्लँटायरच्या रुग्णालयातील मुले

या तपासणीचे खरे सामर्थ्य जगाला दिसले ते मात्र बर्लिन किंवा व्हिएन्ना येथे नव्हे, तर आफ्रिकेतील मलावी या गरीब देशात. ब्लँटायर हे तेथील मोठे व्यापारी शहर. तेथील क्वीन एलिझाबेथ सेंट्रल रुग्णालयात दर पावसाळ्यात बेशुद्ध बालके आणली जात. आई मुलाला पाठीशी बांधून दूरच्या खेड्यातून येई. मूल तापाने फणफणलेले, कधी झटके येत असलेले, हाक मारली तरी डोळे न उघडणारे. रक्ताच्या थेंबात मलेरियाचे परजीवी सापडत. निदान ठरलेले असे : मेंदूचा मलेरिया. उपचार सुरू होत. काही मुले दोन-तीन दिवसांत उठून बसत, काही मात्र कायमची जात.

टेरी टेलर आणि माल्कम मॉलिन्यू हे डॉक्टर तेथे वर्षानुवर्षे काम करीत होते. बेशुद्ध बालकाची अवस्था खाटेपाशीच मोजण्यासाठी त्यांनी तयार केलेली 'ब्लँटायर कोमा स्केल' ही मोजपट्टी आज अनेक देशांत वापरली जाते. परंतु त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न होता. मलेरियाग्रस्त प्रदेशात कित्येक धडधाकट मुलांच्या रक्तातही परजीवी असतात. ती मुले खेळतात, बागडतात. वारंवार लागण होऊन त्यांच्या शरीरात काही प्रमाणात प्रतिकारशक्ती आलेली असते. मग एखादे मूल दुसऱ्याच कारणाने बेशुद्ध झाले आणि रक्तात परजीवी केवळ योगायोगाने सापडले, तर? वहीत माल जमा असल्याची नोंद आहे, एवढ्यावरून तो गोदामात खरोखर आहे असे कोणताही व्यापारी मानीत नाही. तो गोदाम उघडून पाहतो. येथे गोदाम होते मेंदूचे. ते जिवंतपणी उघडायचे कसे?

नेत्रतज्ज्ञ सुसान लेवॅलन यांनी १९९० नंतरच्या काळात या बेशुद्ध मुलांच्या डोळ्यांचे पडदे काळजीपूर्वक पाहण्यास आरंभ केला. थेंब घालून बाहुली मोठी केल्यावर त्यांना जे दिसले, ते इतर रोगांत सहसा न आढळणारे होते. पडद्यावर ठिकठिकाणी धुरकट पांढरे डाग होते. ज्या वाहिन्या लाल दिसायला हव्यात, त्यांतील काही नारिंगी किंवा पांढऱ्या पडल्या होत्या. अनेक ठिकाणी मध्यभागी पांढरा ठिपका असलेले रक्तस्राव होते. काही मुलांत मेंदूवरील दाब वाढल्यामुळे दृष्टिचेतातंतूचे टोक सुजलेले होते.

या खुणांचा अर्थ पुढील संशोधनाने उलगडला. फाल्सिपेरम जातीचा मलेरिया परजीवी तांबड्या पेशीत शिरतो आणि तिचा बाह्य पृष्ठभाग असा बदलतो की, ती पेशी सूक्ष्म केशवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते. आतील परजीवी पेशीचे लाल रंगद्रव्य खाऊन टाकतो. म्हणून अशा पेशींनी भरलेली वाहिनी फिकट दिसते. वाहिनी तुंबली की पुढील भागाला प्राणवायू मिळत नाही आणि तेथे पडदा पांढरा पडतो. मेंदूतही नेमके हेच घडत असते. म्हणजे पडद्यावरील पांढरी छटा ही मेंदूतील कोंडीचीच प्रतिमा होती.

मात्र ही गोष्ट सिद्ध कशी करावी? त्यासाठी ज्या पुराव्याची गरज होती, तो देणे फार कठीण होते. मृत बालकांच्या माता-पित्यांना शवविच्छेदनाची संमती मागावी लागणार होती. ज्यांच्या कुशीतले मूल नुकतेच गेले आहे, त्यांना असा प्रश्न विचारणे आणि त्यांनी 'हो' म्हणणे, दोन्हींसाठी मोठे धैर्य लागते. काही माता-पित्यांनी ते दाखविले. २००४ मध्ये टेलर आणि सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जिवंतपणी सर्व निकषांनुसार मेंदूचा मलेरिया ठरलेल्या ३१ मुलांची त्यात तपासणी होती. त्यांपैकी ७ मुलांच्या मृत्यूचे कारण मलेरिया नव्हतेच. कुणाला न्यूमोनिया झाला होता, कुणाच्या मेंदूत रक्तस्राव होता, कुणाचे यकृत निकामी झाले होते. खाटेपाशी करता येणाऱ्या साऱ्या तपासण्यांपैकी खरा मेंदूचा मलेरिया आणि इतर आजार यांतील भेद दाखविणारी खूण एकच निघाली : डोळ्याच्या पडद्यावरील बदल.

दर चार-पाच मुलांमागे एकाचा खरा रोग नजरेआड राहत होता, असा याचा सरळ अर्थ. ज्या मुलाच्या पडद्यावर खुणा नाहीत, त्याला मलेरियाचे औषध द्यायचेच. परंतु तेवढ्यावर न थांबता दुसऱ्या कारणाचा शोधही घ्यायचा, हा धडा त्यातून मिळाला. पुढे २०१५ मध्ये त्याच रुग्णालयातील आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पडद्यावरील खुणांनी निदान पक्के झालेल्या १६८ मुलांची एमआरआय तपासणी त्यात झाली होती. त्यांपैकी २५ मुले दगावली आणि त्या २५ पैकी २१ मुलांच्या मेंदूला तीव्र सूज होती. मृत्यू कशाने ओढवतो, याचा माग असा लागत गेला. आधी निदान शुद्ध झाले नसते, तर निरनिराळ्या रोगांची मुले एकाच यादीत मिसळून गेली असती आणि हा माग सापडलाच नसता.

भारतातही, राजस्थानातील बिकानेर येथील डॉक्टरांनी फाल्सिपेरम मलेरियाच्या प्रौढ रुग्णांचे डोळे तपासून पडद्यावरील बदलांची नोंद केलेली आहे.

हृदय आणि बुरशी

आता आपल्या शहरांतील रुग्णालयांकडे वळू. एखाद्या रुग्णाला कित्येक आठवडे बारीक ताप येतो, वजन घटते, थकवा जात नाही. टायफॉईड समजून औषधे दिली जातात. ताप उतरतो आणि पुन्हा येतो. अशा वेळी हृदयाच्या एखाद्या झडपेवर जंतूंनी ठाण मांडलेले असण्याचा संभव असतो. लहानपणी संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेली असेल किंवा कृत्रिम झडप बसविलेली असेल, तर हा धोका अधिक. झडपेवरील जंतूंचे सूक्ष्म कण रक्तप्रवाहात सुटून दूरवर जातात. खालची पापणी ओढून पाहिली असता आतील गुलाबी आवरणावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे बिंदू दिसू शकतात; त्यासाठी यंत्रही लागत नाही. डोळ्याच्या आत पाहिले, तर मध्यभागी पांढरा ठिपका असलेले रक्तस्राव आढळू शकतात. स्वित्झर्लंडचे विकृतिशास्त्रज्ञ मोरिट्झ रॉथ यांनी १८७२ मध्ये अशा बदलांचे वर्णन केले. म्हणून त्यांना 'रॉथचे ठिपके' असे नाव पडले. हृदयातील जंतुसंसर्ग ठरविण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ड्यूक निकषांत या दोन्ही खुणांना स्थान आहे.

दुसरा प्रसंग दीर्घकाळ अतिदक्षता विभागात असलेल्या रुग्णाचा. मोठ्या शिरेत नळी, अनेक प्रतिजैविके, शिरेतूनच पोषण, अशा अवस्थेत कँडिडा नावाची बुरशी रक्तात शिरण्याची भीती असते. ती डोळ्यात पोहोचली की पडद्यावर कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे पुंजके दिसतात. शुद्धीवर असलेला रुग्ण 'अंधुक दिसते' असे सांगू शकतो. श्वासयंत्रावर असलेला सांगू शकत नाही. त्याच्या वतीने पाहणारा कुणीतरी हवा. डोळ्यात बुरशी आढळली, तर औषध कोणते आणि किती आठवडे द्यायचे हेच बदलते.

महाराष्ट्राच्या दाराशी

२६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पाणी ओसरले आणि त्यानंतरच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. उंदीर आणि इतर प्राण्यांच्या मूत्रातून हे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून किंवा जखमेतून शरीरात शिरतात. धान्याची गोदामे, किराण्याचे तळघर, पाणी शिरलेली पेढी साफ करणारे मालक आणि कामगार यांना हा धोका विशेष. या तापात पोटऱ्या विलक्षण दुखतात आणि डोळे लालभडक होतात. मात्र डोळे येण्याच्या साध्या साथीत जशी चिकट घाण येते, तशी येथे येत नाही. पुराच्या पाण्यातून चाललेल्या मनुष्याला ताप, पोटरीदुखी आणि घाणीविना लाल डोळे अशी लक्षणे दिसली, तर औषधांच्या दुकानातून डोळ्यांचे थेंब आणून घालणे पुरेसे नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठला पाहिजे. वेळीच दिलेल्या प्रतिजैविकांनी हा रोग आटोक्यात येतो. उशीर झाला, तर मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुस यांवर आघात होतो.

दुसरी आठवण २०२१ ची. कोरोनातून उठलेल्या, विशेषतः मधुमेह असलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या अनेकांना म्युकरमायकोसिस या बुरशीने गाठले. महाराष्ट्राला तिचा मोठा तडाखा बसला. ही बुरशी नाकाच्या पोकळ्यांतून डोळ्याच्या खोबणीत आणि तेथून मेंदूकडे सरकते. एका बाजूचा चेहरा दुखणे, पापणी खाली येणे, एकाची दोन चित्रे दिसणे, डोळा एखाद्या दिशेला न वळणे, या खुणा खाटेपाशी केवळ बोट हलवून आणि बॅटरीचा प्रकाश टाकून तपासता येत होत्या. ज्यांची ही तपासणी रोजच्या रोज झाली, त्यांच्या बाबतीत रोग लवकर ओळखण्याची संधी मिळत होती.

'स्यात्' या शब्दाचे महत्त्व

या खुणा कितीही बोलक्या असल्या, तरी त्यांच्यावर आंधळा विश्वास ठेवणे योग्य नव्हे. रॉथचे ठिपके हृदयातील जंतुसंसर्गात दिसतात, तसे रक्ताच्या कर्करोगात, तीव्र पंडुरोगात आणि मधुमेहातही दिसतात. हृदयात जंतुसंसर्ग असूनही डोळे पूर्ण स्वच्छ असणारे रुग्ण तर पुष्कळच असतात. म्हणून खूण दिसली की निदान झाले असे नाही, आणि दिसली नाही म्हणून रोग नाही असेही नाही. रक्ताचे कल्चर, हृदयाची सोनोग्राफी, इतर तपासण्या या साऱ्यांच्या जोडीनेच तिचा अर्थ लावावा लागतो.

तज्ज्ञांतही मतभेद आहेत. रक्तात कँडिडा सापडलेल्या प्रत्येक रुग्णाचे डोळे तपासावेत, असे अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले. दृष्टीची कोणतीही तक्रार नसलेल्या रुग्णांची सरसकट तपासणी आवश्यक नाही, अशी भूमिका तेथील नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ मध्ये घेतली. स्याद्वादाच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला यात गोंधळ वाटण्याचे कारण नाही. एका अपेक्षेने पाहता ही खूण रोगाची, दुसऱ्या अपेक्षेने अन्य कशाची. कोणत्या अपेक्षेने काय सत्य आहे, हे ठरविण्यातच वैद्याचा विवेक दिसतो. छद्मस्थ जीवाला आधी दर्शन आणि मग ज्ञान होते, असे जैन तत्त्वचिंतन सांगते. चक्षुदर्शन ही ज्ञानाची पायरी आहे, शिखर नव्हे. परंतु पायरी टाळून शिखर गाठता येत नाही.

एक सावधगिरी तांत्रिक स्वरूपाची आहे. पडदा नीट दिसावा म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब घालतात आणि त्यांचा प्रभाव काही तास राहतो. बेशुद्ध रुग्णाच्या बाहुलीचा आकार पाहून मेंदूवरील दाबाचा अंदाज घेतला जात असल्यामुळे, थेंब कोणत्या वेळी घातले याची नोंद तक्त्यावर असणे अत्यावश्यक असते. रुग्णाला काचबिंदू असेल, तर नातेवाइकांनी तो आधीच सांगावा.

कुटुंबाचे आणि समाजाचे कर्तव्य

घरातील रुग्णाजवळ सर्वाधिक वेळ असतात ती घरचीच माणसे. डोळे पिवळे दिसू लागले, घाण न येता लाल झाले, एक पापणी लोंबू लागली, नजर अंधुक झाली किंवा पापणीच्या आत रक्ताचे बिंदू दिसले, तर ती गोष्ट किरकोळ समजू नये. आजीबाईंच्या बटव्यातील काजळ, गुलाबपाणी किंवा उरलेले जुने थेंब यांचा प्रयोग करू नये. डॉक्टरांना ती गोष्ट कोणत्या दिवशी प्रथम दिसली हे सांगावे. आणि दीर्घ तापाच्या रुग्णाचे निदान अडले असेल, तर "डोळ्यांचा पडदा पाहण्याचा काही उपयोग होईल का?" असे नम्रपणे विचारण्यास संकोच करू नये.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चतुर्विध दानांची परंपरा जैन समाजाने दवाखाने, रक्तपेढ्या, नेत्रशिबिरे यांच्या रूपाने जिवंत ठेवली आहे. धर्मादाय रुग्णालयाला देणगी द्यायची म्हटले की, दात्याच्या डोळ्यांपुढे बहुधा एखादे भव्य यंत्र आणि त्याशेजारची नामफलकाची पाटी येते. त्या यंत्रांची गरज आहेच. परंतु काही हजार रुपयांत मिळणारे नेत्रदर्शक यंत्र अनेक ठिकाणी कपाटात धूळ खात पडलेले असते, कारण ते वापरण्याचा सराव तरुण डॉक्टरांना राहिलेला नसतो. ते यंत्र प्रत्येक विभागात असावे आणि ते वापरण्याचे शिक्षण मिळावे, यासाठी दिलेली देणगी औषधदानही आहे आणि ज्ञानदानही.

ब्लँटायरच्या त्या माता-पित्यांकडे ना संपत्ती होती ना प्रतिष्ठा. आपले मूल गमावल्यावरही त्यांनी जी संमती दिली, तिच्यामुळे आज दुसऱ्या कुणाच्या मुलाच्या खाटेपाशी डॉक्टर दिवा हाती घेऊन वाकतो आणि खरा रोग कोणता हे अधिक खात्रीने सांगू शकतो. अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेल्या कुटुंबाला तो सायंकाळचा निरोप पुन्हा कधी आलाच, तर त्या मागील हे मोठे ऋण त्यांनी आठवावे आणि सकाळी येणाऱ्या नेत्रतज्ज्ञाला निःशंक मनाने वाट करून द्यावी.